वर्गातील मासा व त्याचा आहार
(इयत्ता ४ थी : परिसर अभ्यास. वेळ : ३५ मिनिटे)

वर्गात एखादा जीव पाळावा, ही सूचना शिक्षकांस नवी नाही. परंतु तो जीव महिन्याभरात मेला, तर मुले त्यापासून काय शिकतात, याचा विचार क्वचितच होतो. काचेच्या भांड्यातील मासा उपासमारीने सहसा मरत नाही. पुष्कळदा तो मुलांच्या मायेनेच मरतो. येता-जाता प्रत्येक जण चिमूटभर खाऊ टाकतो आणि पाणी नासते. यासाठी मासा वर्गात येण्यापूर्वीच हा पाठ घ्यावा.

शिक्षकांसाठी माहिती

बाजारात ‘फायटर’ या नावाने मिळणारा रंगीत, लांब परांचा मासा म्हणजे ‘बेटा’ होय. हे नाव ऐकून मुले हसतील, हसू द्यावे. त्याचे मूळस्थान थायलंड. तेथील भातखाचरांत व उथळ, संथ पाण्यात तो राहतो. थाई भाषेत त्यास ‘चावरा मासा’ अशा अर्थाचे नाव आहे. १९१० साली त्याचे आजचे शास्त्रीय नाव ठरले, आणि २०१९ साली थायलंडने त्यास आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. दोन नर एकत्र ठेवल्यास ते जीवघेणे झुंजतात. म्हणून एका भांड्यात एकच नर ठेवावा.

हा मासा मांसाहारी आहे. निसर्गात तो डासांच्या अळ्या व पाण्यातील बारीक किडे खातो. भात, पोळी वा पाव त्यास घालू नये. त्याच्यासाठी तयार मिळणारे बारीक दाणे चालतात. पूर्ण वाढलेल्या माशास सकाळी ३ व सायंकाळी ३ दाणे पुरे होतात. त्याचे पोट त्याच्या डोळ्याएवढेच, असा मत्स्यपालकांचा ठोकताळा आहे. आठवड्यातून एक दिवस उपवास घडला तरी अपाय नाही. पिल्लांस मात्र दिवसातून ३-४ वेळा थोडे थोडे द्यावे लागते.

अधिक अन्नाने दुहेरी हानी होते. माशाचे पोट फुगते. आणि उरलेले अन्न कुजून पाण्यात अमोनिया हा विषारी वायू विरघळतो. बेटा पृष्ठभागावर येऊन हवेतील प्राणवायू घेऊ शकतो. म्हणून तो लहानशा बरणीतही जगेल, असा समज आहे. परंतु हवा घेता आली तरी पाण्यातील विषापासून त्याची सुटका होत नाही. पाणी जितके थोडे, तितके विष तीव्र. यास्तव भांड्यात निदान १० लिटर पाणी असावे, २० असल्यास उत्तम; वर झाकण असावे, पण हवेस वाट असावी. दर आठवड्यास सुमारे चौथा हिस्सा पाणी बदलावे. नवे पाणी टी.सी.एल. पावडर घातलेले असल्यास ते एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून मगच वापरावे.

पाण्याची उष्णता २४ ते २८ अंश सेल्सिअस असावी. माशाचे रक्त पाण्याबरोबर थंड होते व पचन मंदावते. म्हणून थंडीच्या दिवसांत दाणे कमी करावेत व भांडे उबदार जागी ठेवावे.

पाठाचा क्रम

प्रथम विचारावे : “तुम्ही दिवसातून किती वेळा जेवता? माशाने किती वेळा जेवावे?” उत्तरे फळ्यावर लिहावीत. नंतर गणित घालावे : वर्गातील ३२ मुलांनी प्रत्येकी २ दाणे टाकले, तर किती झाले? ६४. माशाला दिवसाला ६ लागतात. म्हणजे एका मधल्या सुट्टीत त्याच्यापुढे दहा दिवसांहून अधिक अन्न पडले! हे मुलांनी स्वतः काढावे; शिक्षकांनी सांगू नये.

त्यानंतर प्रात्यक्षिक. एका मुलाने एकेक दाणा टाकावा, इतरांनी मोजावे. दोन-तीन मिनिटांत न खाल्लेला दाणा नळीने काढून घ्यावा.

येथे एक प्रश्न हमखास येईल : “गुरुजी, आम्ही जवळ गेलो की तो काचेशी येतो. त्याला भूक लागली असेल ना?” या प्रश्नास पुरेसा वेळ द्यावा. माणूस दिसला की खाऊ मिळतो, एवढे मासा शिकलेला असतो. पोट भरलेले असतानाही तो येतो. त्याचे मागणे आणि त्याची गरज या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मुलांस पटले म्हणजे पाठाचा हेतू साधला.

शेवटी तक्ता तयार करावा : तारीख, सकाळचे दाणे, सायंकाळचे दाणे, उरलेले दाणे, खाऊ घालणाऱ्याचे नाव. आठवड्यास एकाच मुलाकडे हे काम असावे. शनिवार-रविवारी निरोगी मोठा मासा अन्नावाचून राहू शकतो. सुट्टीपूर्वी मूठभर दाणे टाकून जाणे हेच घातक. दीर्घ सुट्टीत भांडे एखाद्या जबाबदार घरी द्यावे व रोजच्या दाण्यांच्या निराळ्या पुड्या करून द्याव्यात. मासा नकोसा झाला तरी तो विहिरीत वा ओढ्यात सोडू नये.

स्वाध्याय

१. सकाळी ३ व सायंकाळी ३ दाणे, आठवड्यास एक उपवास. तर ४ आठवड्यांस दाणे किती?
२. हवा घेऊ शकणारा मासाही घाण पाण्यात का मरतो?
३. घरातील गाय, कोंबडी वा मांजर दिवसातून किती वेळा खाते, ते तीन दिवस पाहून लिहा.