आधी एक तार लाव

ये, बस इथं जवळ. डल्सिमरचा तो व्हिडिओ तू रोज रात्री पाहतेस आणि ते वाद्य मागवायला पैसे साठवतेस, हे मला कळलंय. आईला मी काही बोलले नाही आणि बोलणारही नाही. पण मागवायच्या आधी मोठ्या बहिणीचं थोडं ऐकून घे.

तुला आवडलेलं ते वाद्य अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगरातल्या खेड्यांचं. तिथली माणसं घरच्या लाकडातून ते स्वतः करायची. लांबट पेटी मांडीवर आडवी घ्यायची, तारा तीन-चार. एका तारेवर चाल वाजते, बाकीच्या सूर धरून राहतात. केंटकीच्या एका खेड्यात १४ भावंडांतली सगळ्यात धाकटी होती जीन रिची. जन्म १९२२चा. तिचे वडील हे वाद्य वाजवायचे. ती न्यूयॉर्कला गेली, तिथं ते मांडीवर घेऊन गायली, आणि शहरातली माणसं विचारायला लागली की हे मिळतं कुठं? मग ती आणि तिचा नवरा स्वतःच ते बनवून द्यायला लागले. वडिलांच्या घरातलं वाद्य तिला कधी हलकं वाटलं नाही, म्हणून ते जगापुढे आलं.

आता आपल्या आसगावचं बघ. दिवाळीनंतर आपल्या भागात मंडईच्या जत्रा भरतात. तिथं खडी गंमतीचा खेळ उभा राहिला की शाहिराच्या मागं तुणतुणं असतंच. एकच तार, पण ती थांबली तर गाणाऱ्याच्या पायाखालची जमीनच सरकते. भजनातली एकतारीही तशीच. सूर धरून ठेवायची विद्या इथं अंगणात असताना तू परदेशातून पेटी का मागवतेस? या हिवाळ्यात एकतारी कर. स्वतःच्या हातानं.

भोपळा कडू जातीचा घे, वेलीवरच पुरता जून झालेला. मिरजेचे तंबोरे करणारे कारागीर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे नेतात, पण एकतारीला तेवढा मोठा लागत नाही. सावलीत टांगून ठेव, उन्हात नको, तडकतो. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की समज वाळला. मग वरचा भाग कापायचा आणि आतला सगळा गर खरवडून काढायचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि कडू वासानं घसा धरतो, तोंडाला ओढणी बांध. पण गर राहिला तर आवाज भरत नाही, तिथं आळस करू नकोस. दांड्याला मानवेल बांबू घे, भरीव आणि जुना. बुरडाकडे मागितलास तर तो बरोबर निवडून देईल. ओला बांबू वाळताना वाकतो आणि तार रोज उतरते. चामडं ढोलकी मढवणाऱ्याकडून भिजवून आण, ओलं असतानाच ताणून बसव आणि सावलीत वाळू दे. खुंटी निमुळती हवी. घसरायला लागली तर तिच्यावर खडू घास. तार सतारीच्या बाजाची पोलादी चालते.

आता नीट ऐक, सगळी गंमत इथं आहे. तार चामड्यावर बसवलेल्या लाकडी घोडीवरून जाते. पहिल्यांदा छेडशील तेव्हा आवाज कोरडा, टक्कन मरणारा येईल. मग तारेखाली, घोडीच्या माथ्यावर, सुती दोऱ्याचा छोटा तुकडा सरकव. त्याला जीव म्हणतात. नखानं केसभर पुढं-मागं करत राहा आणि दुसऱ्या हातानं तार छेडत राहा. एका जागी आवाज अचानक उघडतो, गुंजायला लागतो, एका सुरातून वरचे सूर झिरपताना ऐकू येतात. ती जवारी. घोडी कानशीनं घासून ती जागा पक्की करता येते, पण हळू, कारण घासलेलं लाकूड परत येत नाही. विकतच्या वाद्यात ही जागा दुसऱ्यानं शोधून ठेवलेली असते. तुझ्या कानानं ती शोधावी, म्हणून माझा एवढा हट्ट आहे गं.

मग तुझा षड्ज ठरव. बायकांच्या गळ्याला साधारण काळी चार-पाच पट्टी सोसते, शाळेतल्या हार्मोनियमवर पाहून घे. पावसाळ्यात चामडं सैल पडून सूर उतरेल, तेव्हा आचेजवळ जरा शेकायचं. रोज सकाळी आधी तार लाव, मग तिच्यासोबत फक्त सा धर. कंटाळा येईल, येऊ दे.

लोक बोलतील. खडी गंमतीत बाईचं सोंगही पारंपरिकपणे पुरुषच घेत आले, मग पोरीच्या हातात एकतारी म्हटल्यावर पारावर कुजबुज होणारच. त्याचं उत्तर देत बसू नकोस. वाजवत राहा.

आणि संतूर राहिलंच. काठ्यांनी वाजवायचं दुसरं एक डल्सिमर असतं, त्याच्या जवळचं आपलं वाद्य हे. काश्मिरातल्या सूफियाना मैफिलींतलं ते वाद्य शिवकुमार शर्मांनी १९५५ साली मुंबईच्या मंचावर आणलं, तेव्हा अनेक जाणकारांना त्यावर राग वाजेल असं वाटत नव्हतं. पुढं आपल्या उल्हास बापटांनीही त्याच्यासाठी आयुष्य दिलं. पण त्याला शंभराच्या आसपास तारा असतात, आणि वाजवणाऱ्याला त्या स्वतःच लावाव्या लागतात. एका तारेचा सूर ज्याच्या कानात बसलेला नाही, त्यानं तिथं काय करायचं? एकतारी वर्षभर सुरात राहिली की आपण दोघी मिरजेला जाऊ. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, स्वरमंडळही तिथं होतं. कारागिराशेजारी बसून बघ, विचार, घाई न करता.

साठवलेल्या पैशांतले थोडे तारेला, चामड्याला आणि एका चांगल्या कानशीला काढ. बाकीचे मोडू नकोस, संतूर घेताना लागतील. तेव्हा कमी पडले तर मला सांग, दादाला नको.