पाहुण्यांच्या पानात तारली का नसते?

राजापूर तालुक्यातील नाटे हे मासेमारीचे बंदर. येथील किंवा कोकणातील कोणत्याही मासळीबाजारात थोडा वेळ उभे राहून गिऱ्हाइकांकडे पाहा. पाहुणे यायचे असले की पापलेट नाहीतर सुरमई हवी. तारली घ्यायची ती घरच्यांपुरती.

तारली व बांगडा हे तेलकट मासे. त्यांच्या तेलात ओमेगा-३ ही स्निग्धाम्ले भरपूर असतात. मेंदूच्या आणि डोळ्यांच्या पेशींना ती लागतात; पण शरीर ती स्वतः फारच थोडी बनवू शकते. औषधाच्या दुकानातील माशाच्या तेलाच्या महागड्या गोळ्या बऱ्याचशा अशाच लहान माशांपासून बनतात. गोळीला मान, टोपलीतल्या माशाला नाही! नाचणीची गत तीच. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच तांदळात जेमतेम १०; तरी सणाच्या पानात भातच.

म्हणजे अन्नाची निवड केवळ गुणांवर होत नाही. मग ती कशाने बदलते? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई झाली. जनावरांचे हृदय, मूत्रपिंड हे भाग पौष्टिक. पण गृहिणी ते हलके समजून टाळीत. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने गृहिणींच्या काही गटांना त्यांचे गुण सांगणारी व्याख्याने ऐकवली. इतर गटांत अडचणींची चर्चा घडवून शेवटी हात वर करून निर्णय घ्यायला लावले. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी ३ टक्के, तर चर्चा करणाऱ्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी ते मांस रांधले होते.

लेविनने ‘क्षेत्र’ ही कल्पना आमच्या पदार्थविज्ञानातून उचलली होती. गृहिणीवर दोन विरुद्ध बळे असतात : एकीकडे अन्नाचे गुण, दुसरीकडे किळस आणि ‘लोक काय म्हणतील’. व्याख्यान पहिले बळ वाढवते. शेजारणीचा हात वर गेलेला दिसला की दुसरे बळच कमी होते. (ही बळे न्यूटनमध्ये मोजता येत नाहीत, हे मात्र विसरू नये.)

या प्रयोगात एक उणीव होती. पुढे चौकशी होणार, हे फक्त चर्चेच्या गटांना ठाऊक होते. एका वेळी अनेक गोष्टी बदलल्या, तर परिणाम कशाचा हे कसे कळणार? १९५५ साली ईडिथ बेनेट यांनी विद्यार्थ्यांवर वेगळा प्रयोग करून हे घटक सुटे केले. नुसत्या चर्चेने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो निर्णय घेतल्याने, आणि इतर बहुतेकजणही तयार आहेत असे वाटल्याने.