पगाराची पावती नसलेल्यांची वकिली

बारावीच्या निकालानंतर मुलाने वकिलीचं नाव काढलं की जालन्यातल्या घरांत पहिली हरकत ठरलेली असते: "वकील काय कमी आहेत का?" कमी नाहीत. पण मोटार अपघाताच्या दाव्यात जीव ओतणारे वकील आपल्या जिल्ह्याला आणखी हवे आहेत, असं माझं ठाम मत आहे.

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. स्टील कारखान्यांचे ट्रक रात्रंदिवस रस्त्यावर असतात. हंगाम आला की अंबड, घनसावंगी, मंठा, परतूरची कुटुंबं ट्रक-ट्रॅक्टरमधून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. अपघात तिकडे झाला तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे वारसांना दावा आपण राहतो तिथे, म्हणजे जालन्यातच, दाखल करता येतो. हे गावाकडे वेळेवर सांगणारं कुणी नसतं. सहा महिन्यांत दावा करण्याची अट १ एप्रिल २०२२ पासून आली आणि तोडणीच्या हंगामातच त्यातले चार-पाच महिने निघून जातात. या मुदतीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे. तरी पक्षकाराला त्या भरवशावर बसवू नये.

या कामात भाषणबाजी कमी आणि हिशेब जास्त. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी भरपाईचं गणित घालून दिलं आहे. तीस वर्षांचा मजूर गेला, मागे चार माणसं. महिन्याची कमाई १२,००० सिद्ध झाली, तर भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा, वर्षाचा आकडा काढून १७ ने गुणायचं: २५,७०,४०० रुपये. कमाई ८,०००च सिद्ध झाली तर १७,१३,६००. साडेआठ लाखांचा हा फरक वकिलाने जमवलेल्या कागदांवर ठरतो. मजुराकडे पगाराची पावती नसते. मग मुकादमाने दिलेल्या उचलीची लिखापढी शोधा, खात्यावर आलेले पैसे पाहा, सोबतच्या कोयत्यांची, म्हणजे तोडणी करणाऱ्या जोडप्यांची, साक्ष घ्या. गेलेली बाई असेल तर तोडणीची मजुरी आणि घरचं काम दोन्ही मांडा. घरकामाचंही मोल धरायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आहे. मजूर ट्रॉलीत बसले होते म्हणून विमा कंपनी जबाबदारी झटकते, तिथे पॉलिसीचं कलम न् कलम वाचावं लागतं. ज्या मुलाला गणिताची भीती नाही आणि माणसांशी धीराने बोलता येतं, त्याने याचा जरूर विचार करावा. मुलींनी तर नक्कीच, कारण नवरा गमावलेली बाई मुलीपाशी मोकळेपणाने बोलते.

शिक्षणाची वाट सरळ आहे. बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन, दोन्हींसाठी राज्याची सीईटी. छत्रपती संभाजीनगरला माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय आहे आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठही, मात्र विद्यापीठासाठी क्लॅट द्यावी लागते. पुढे बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. सनदेचं नोंदणी शुल्क खुल्या गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बजावलं आहे.

पालकांनी पैशाचं विचारावं, तो त्यांचा हक्क आहे. सुरुवातीची वर्षं सीनियरच्या हाताखाली, तुटपुंज्या मिळकतीत जातात. घराने तेवढी तयारी ठेवावी. भरपाईत टक्केवारी ठरवून घेणं अमेरिकेत चालतं, आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी त्याला बंदी आहे. दवाखान्यात जाऊन केस गाठणं हीसुद्धा शिस्तभंगाची बाब. "टक्क्यात काम करू" असं शिकवणारा सीनियर भेटला तर मुलाने ते ऑफिस सोडावं, आई-बापाने त्याला त्यात साथ द्यावी.

जम बसला की जालन्यातले दावे, संभाजीनगरच्या खंडपीठातली अपिलं, विमा कंपन्यांचं पॅनेल, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं काम असे मार्ग खुलतात. न्यायाधीश व्हायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ च्या निकालानंतर आधी तीन वर्षं वकिली करावीच लागते. ती या दाव्यांत केली तर पुरावा वाचायची सवय आपोआप लागते. सीईटीचा अर्ज भरण्याआधी मुलाला जिल्हा न्यायालयात अपघात दाव्यांचं कामकाज दिवसभर ऐकू द्या. तिथे बसायला सहसा कुणाची परवानगी लागत नाही.