बाजरीचा ‘गोसावी’ आणि प्रयोगशाळेतील पहारा

नाशिक, अहिल्यानगर, धुळे, बीड या जिल्ह्यांत आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, जेथे पाऊस बेताचा व जमीन हलकी, तेथे खरिपाची मोठी भिस्त बाजरीवर असते. माणसाला भाकरी आणि जनावराला सरमड या दोन्ही गरजा हे एकच पीक भागविते. म्हणूनच बाजरीवर रोग आला, तर त्या घरातील माणसे आणि दावणीची जनावरे अशा दोघांवरही संकट ओढवते.

अशा रोगांपैकी सर्वांत घातक रोग म्हणजे केवडा. रोगट रोपाची पाने फिकट पिवळी पडतात, आणि दमट हवेत पहाटे पाहिले तर पानांच्या खालच्या बाजूस पांढुरकी बुरशी दिसते. पुढे कणसात दाणे भरण्याऐवजी हिरव्या, पिळवटलेल्या पानांचा झुपका येतो. हा झुपका गोसाव्याच्या जटांसारखा दिसतो. रोगाला ‘गोसावी’ हे नाव शेतकऱ्यांनी दिले आणि पुढे कृषिशास्त्रानेही ते स्वीकारले. या रोगाचा बंदोबस्त करण्यासाठी पीक-जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत वनस्पती जैवतंत्रज्ञ नेमके काय करतो, हे या लेखात पाहावयाचे आहे.

त्यासाठी थोडा इतिहास ध्यानी घेतला पाहिजे. बाजरीच्या कणसावर स्त्रीकेसर आधी बाहेर पडतात आणि परागकोश दोन-तीन दिवसांनी येतात. त्यामुळे परपरागीकरण सहज होते, परंतु संकरित बियाणे मोठ्या प्रमाणावर काढावयाचे तर ज्याला सकस पराग येत नाही असा ‘नरवंध्य’ मादी वाण हाती असावा लागतो. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी ‘टिफ्ट २३ ए’ हा असा वाण विकसित केला. तो वापरून डॉ. दिलबागसिंग अठवाल यांनी लुधियाना येथे ‘एचबी १’ हा देशातील पहिला संकरित बाजरी वाण तयार केला, व १९६५ मध्ये तो प्रसारित झाला. पाठोपाठ ‘एचबी ३’ आला आणि लवकर तयार होणारा म्हणून तो कोरडवाहू भागात झपाट्याने पसरला.

उत्पादन वाढले, पण या मालिकेतील वाण एकाच मातेची लेकरे होती. त्या मातेच्या अंगी केवड्याला तोंड देण्याची ताकद नव्हती. १९७० नंतरच्या काही वर्षांत रोगाने एकामागून एक वाण निकामी केले. नरवंध्यत्व ज्यात असते त्या पेशीद्रव्यातच दोष असावा, अशी शंका तेव्हा घेतली गेली. पुढील संशोधनात ती टिकली नाही. दोष होता तो मादी वाणाच्या जनुकांत, आणि एवढ्या मोठ्या क्षेत्रावर एकाच आनुवंशिक पायावर विसंबून राहण्यात.

आता प्रयोगशाळेकडे वळू. उपकरणांची गर्दी पाहून पाहुणे दिपून जातात. पण या कामाचा आरंभ होतो तो मातीच्या कुंड्यांपासून. केवड्याची बुरशी सजीव बाजरीवाचून वाढत नाही. इतर अनेक बुरश्यांप्रमाणे तिला काचेच्या बशीत, कृत्रिम खाद्यावर सांभाळता येत नाही. ज्या शत्रूचा नायनाट करावयाचा, त्यालाच रोगाला बळी पडणाऱ्या रोपांवर वर्षानुवर्षे पोसावे लागते! रोगट पाने रात्रभर ओलसर, थंड हवेत ठेवली की त्यांवर बीजाणू येतात. ते पाण्यात मिसळून जेमतेम पहिले पान उमललेल्या रोपांवर फवारतात आणि रोपे सुमारे २० अंश सेल्सियस तापमानात, प्लॅस्टिकखाली, दमट ठेवतात. साधारण दोन आठवड्यांनी रोगट आणि निरोगी रोपांची मोजणी होते. शेकडो कुंड्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीची वहीत नोंद. काम कंटाळवाणे खरे. पण पुढचे सारे या मोजणीवर उभे असते. नोंदच चुकली, तर कितीही महागडे यंत्र ती दुरुस्त करू शकत नाही.

एखाद्या वाणात रोगप्रतिकारशक्ती आढळली, तरी ती लोकप्रिय वाणात आणणे सोपे नसते. दोहोंचा संकर केला की संततीत निम्मा वाटा नको असलेल्या गुणांचा येतो: उशिरा येणारे पीक, लहान कणीस, कमी दाणा. म्हणून ती संतती पुन:पुन्हा मूळच्या चांगल्या वाणाशी संकरित करतात. चांगल्या वाणाचा वाटा पहिल्या संकरात सरासरी ५० टक्के असतो. पुढच्या पिढीत तो ७५, मग ८७.५ आणि नंतर ९३.७५ टक्के होतो. मात्र प्रत्येक पिढीत, हवे असलेले जनुक कोणत्या रोपात उतरले हे कळले पाहिजे. जुन्या पद्धतीत त्यासाठी रोग यावा लागे. पाऊस कमी झाला आणि रोगच आला नाही, तर दुबळे रोपही निरोगी दिसे आणि निवडले जाई.

येथे जैवतंत्रज्ञाचे खरे काम सुरू होते. शिवारातील विहीर दुरून दिसत नाही, पण तिच्या काठचे उंच झाड दिसते. झाड दिसले की विहीर जवळ आहे असे आपण समजतो. त्याचप्रमाणे, हव्या त्या जनुकाच्या शेजारी असलेला डीएनएचा ओळखू येणारा तुकडा खूण म्हणून वापरतात. यास रेणवीय चिन्हक म्हणतात. रोप दोन-तीन आठवड्यांचे असताना पानाचे टोक कापून घ्यावयाचे, ते वाटून त्यातील डीएनए वेगळा करावयाचा, ठराविक तुकड्याच्या असंख्य प्रती काढावयाच्या आणि जेलच्या पातळ थरातून वीज सोडून ते तुकडे लांबीप्रमाणे विलग करावयाचे. उमटलेल्या पट्ट्यांवरून कोणत्या रोपात खूण आहे हे फुलोऱ्यापूर्वीच समजते. तेवढीच रोपे ठेवून त्यांच्या कणसांवर कागदी पिशव्या चढवितात आणि संकर करतात. अर्थात झाड विहिरीपासून लांब असेल, तर फसगत होते. पुनरुत्पादक पेशी बनताना गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन खूण आणि जनुक यांची ताटातूट होऊ शकते. म्हणून जनुकाच्या दोन्ही बाजूंना खुणा शोधाव्या लागतात, आणि शेवटी कुंडीतील रोगाची परीक्षा द्यावीच लागते.

या पद्धतीचे आपल्या देशातील ठळक उदाहरण बाजरीचेच आहे. हिसार येथील कृषी विद्यापीठाने तयार केलेला ‘एचएचबी ६७’ हा संकरित वाण १९९० मध्ये प्रसारित झाला. सुमारे ६५ दिवसांत तयार होणारा हा वाण हरियाणा व राजस्थानच्या रुक्ष भागात शेतकऱ्यांनी उचलून धरला. पुढे त्यालाही केवड्याने गाठण्याची चिन्हे दिसू लागली. तेव्हा हैदराबादजवळील पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजेच ‘इक्रिसॅट’ने, हिसारच्या शास्त्रज्ञांसह आणि ब्रिटनमधील संशोधकांच्या साहाय्याने त्याच्या जनक वाणांत प्रतिकारशक्ती आणली. यासाठी चिन्हकांचा उपयोग केला गेला आणि रूढ संकरपद्धतीचाही. सुधारित ‘एचएचबी ६७’ हा २००५ मध्ये प्रसारित झाला. चिन्हकांच्या साहाय्याने तयार होऊन लागवडीस आलेला हा देशातील पहिला वाण मानला जातो. लवकर तयार होण्याचा त्याचा मूळ गुण कायम राहिला, हे येथे विशेष. कारण शेतकऱ्याने तो वाण त्यासाठीच पसंत केला होता.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर ‘आयसीटीपी ८२०३’ या वाणाचा उल्लेख केला पाहिजे. आफ्रिकेतील टोगो देशाच्या स्थानिक बियाण्यापासून निवडलेला हा वाण १९८८ मध्ये प्रसारित झाला. तो संकरित नव्हे, तर परागीकरणाने आपोआप वाढणारा वाण. म्हणून त्याचे बियाणे काळजीपूर्वक राखल्यास पुढच्या हंगामात वापरता येते. संकरित वाणाचे बी मात्र दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. याच वाणातून अधिक लोह असलेल्या रोपांची निवड करून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने ‘धनशक्ती’ हा वाण तयार झाला. त्याच्या एक किलो धान्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. येथे कोणतेही बाहेरचे जनुक घातलेले नाही. मूळ वाणातील वैविध्यातच जे दडले होते, ते मोजणीने हाती आले.

शेतकरी बांधवांनी एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. प्रतिकारक वाण घेतला म्हणून बीजप्रक्रिया टाळू नये. पेरणीपूर्वी प्रति किलो बियाण्यास ६ ग्रॅम मेटॅलॅक्झिल ३५ एसडी चोळावे आणि शेतात रोगट रोप दिसताच ते उपटून नष्ट करावे. रोगट पानांत तयार होणारे जाड कवचाचे बीजाणू जमिनीत अनेक वर्षे तग धरतात.

बुरशीही स्वस्थ बसत नाही. तिच्या नव्या जाती निर्माण होतात आणि आजचे प्रतिकारक जनुक उद्या अपुरे पडते. म्हणून एकाच्या जागी दोन-तीन जनुके एका वाणात एकत्र आणण्याचे काम चालते, आणि सुधारित ‘एचएचबी ६७’ ची दुसरी आवृत्ती २०२१ मध्ये आली. या कामी आता बाजरीचा संपूर्ण जनुकसंच हाताशी आहे. २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सात जोड्या गुणसूत्रांवरील ३८ हजारांहून अधिक जनुकांची ती यादी आहे. आणि ज्या रोपावरून ती तयार झाली, ते त्याच ‘टिफ्ट २३’ कुळातील आहे, ज्याच्यामुळे सत्तरीच्या दशकात बाजरीची शेते गोसावी झाली होती.