फायटरचे सोबती आणि खानदेशचा उन्हाळा

जळगावातल्या एका घरी दोन फुटी टाकीत निळा फायटर मासा आणि निऑन टेट्रांचा थवा हिवाळाभर गुण्यागोविंदाने राहिला. मे महिन्यात एका दुपारी वीज गेली ती थेट संध्याकाळी आली. तोवर सगळे टेट्रा मरून पडले होते आणि फायटर पाण्याच्या वरच्या थरात निवांत फिरत होता. घरच्यांचा संशय साहजिकच त्याच्यावर गेला. पण मेलेल्या माशांच्या अंगावर ओरखडा नव्हता आणि शेपट्या शाबूत होत्या. ते तापलेल्या पाण्यात गुदमरले होते.

२५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. पाणी ३५ अंशांवर गेले की हाच आकडा ७ मिलिग्रॅमपर्यंत उतरतो आणि उष्म्याने माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. त्यात एअर पंप बंद पडला की केवळ कल्ल्यांवर जगणारा मासा टिकत नाही. फायटरचे तसे नाही. त्याच्या कल्ल्यांच्या वर घड्याघड्यांचा एक श्वसनावयव असतो, त्याला लॅबिरिंथ म्हणतात. पृष्ठभागाशी येऊन तो हवेचा घोट घेतो आणि त्यावर तगून राहतो. थायलंडच्या मध्य मैदानातली उथळ, कोमट, साचलेली भातखाचरे हे त्याचे मूळ घर, त्यामुळे ही सोय त्याला जन्मजात मिळाली आहे. त्याच्या सोबत्यांपैकी बहुतेकांकडे ती नसते.

म्हणूनच जळगाव-धुळ्यात फायटरला सोबती शोधताना स्वभावाआधी उन्हाळा विचारात घ्यायला हवा. मुंबई-पुण्याचे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. जिथे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तिथे २० ते २६ अंशांत खूश असणारा निऑन टेट्रा किंवा त्याहून थंडावा मागणारा पांडा कॉरिडोरास आणणे म्हणजे त्या माशावर अन्याय आहे. दुकानातल्या वातानुकूलित खोलीत ते कितीही टवटवीत दिसोत.

स्वभावाचा भागही सोडून चालत नाही, कारण फायटर हा मुळात झुंजीचा मासा. सयामचा, म्हणजे आताच्या थायलंडचा, राजा तिसरा राम याने १८४० मध्ये झुंजीचे काही मासे थिओडोर कँटर या डॉक्टरला दिले आणि तेव्हापासून पाश्चात्त्य अभ्यासकांना त्याची ओळख झाली. १९१० मध्ये चार्ल्स टेट रीगन यांनी त्याला ‘बेटा स्प्लेंडेन्स’ हे शास्त्रीय नाव दिले. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. झुंजीसाठी पिढ्यानपिढ्या निवडलेला हा नर बुडबुड्यांचे घरटे बांधतो, त्यातली अंडी राखतो आणि हद्दीत शिरलेल्या दुसऱ्या नराला हुसकावतो. छोट्या टाकीत पळायला जागा नसते, म्हणून हुसकावण्याचे पर्यवसान मरणात होते. दोन नर एका टाकीत कधीच ठेवू नयेत. भडक रंग आणि झुपकेदार शेपटी दिसली की दुसऱ्या जातीचा मासाही त्याला प्रतिस्पर्धीच वाटतो.

इथे गप्पीचा प्रश्न येतो. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य विभाग हौदांत, विहिरींत, डबक्यांत गप्पी मासे सोडतो, त्यामुळे आपल्याकडे ते सहज आणि बऱ्याचदा फुकट मिळतात. साहजिकच घरच्या फायटरजवळही तेच येऊन पडतात. डबक्यातला साधा गप्पी फारसा रंगीत नसल्याने कधी निभावतो. दुकानातला पंख्यासारख्या शेपटीचा नर गप्पी मात्र फायटरच्या डोळ्यांत खुपतो. धुळ्यातल्या एका टाकीत असे गप्पी सोडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निम्म्यांच्या शेपट्यांच्या चिंध्या झालेल्या दिसल्या. डासांसाठी सोडला जाणारा दुसरा मासा म्हणजे गंबुसिया. त्याचा धोका उलट दिशेचा आहे, कारण तोच फायटरचे लांब पर कुरतडतो. हौदातून मासे आणायचेच असतील तर आधी ते नीट ओळखून घ्यावेत.

पर कुरतडणाऱ्यांत टायगर बार्ब आणि विडो टेट्रा हे दुकानात हमखास दिसणारे मासे आहेत, तेही नकोत. गुरामी फायटरच्याच कुळातला, त्यामुळे भांडण ठरलेले. गोल्डफिशला पाणी गार लागते आणि तो घाणही फार करतो. ‘काच साफ ठेवतो’ म्हणून विकला जाणारा बोटभर सकर वाढून फूटभराहून मोठा होतो. दोन फुटी टाकी त्याला कधीच पुरणार नाही.

मग उरते कोण? उष्मा सोसणाऱ्यांत कुहली लोच चांगला. तळाशी वावरतो, निशाचर आहे आणि ३० अंशांपर्यंतच्या पाण्यात बरा राहतो. कॉरिडोरास हवाच असेल तर स्टरबाय जात घ्यावी, २४ ते २८ अंश तिला मानवतात. एम्बर टेट्रा छोटा, शांत आणि आखूड परांचा आहे. हे तिन्ही घोळक्याने जगणारे मासे आहेत, सहापेक्षा कमी आणले तर ते भेदरून कोपऱ्यात बसतात. नेराइट गोगलगाय शेवाळ खाते आणि गोड्या पाण्यात तिची पैदास होत नसल्याने टाकी भरून जात नाही. चेरी कोळंबी मात्र फायटरचे खाद्य ठरण्याचीच शक्यता जास्त.

आता पाणी. बेसाल्ट खडकातले बोअरचे पाणी बहुधा जड असते, बादलीवर बसणारा पांढरा थर त्याची खूण. नेराइटच्या कवचाला ते मानवते, टेट्राला नाही. उन्हाळ्यात टाकीतले पाणी उडून जाते, क्षार मात्र मागेच राहतात, म्हणून घटलेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घालावी. पूर्ण टाकी मात्र निव्वळ आरओच्या पाण्याने भरू नये. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनसाठी अँटिक्लोरिन वापरावे.

टाकी दोन बाय एक बाय एक फूट, म्हणजे साधारण ५६ लिटरची असावी. स्पंज फिल्टर हळू चालवावा, कारण जोराच्या प्रवाहात लांब परांचा मासा दमतो. फिल्टरमधले उपयोगी जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात, तोवर माशांची गर्दी करू नये. झाडे, नारळाच्या करवंट्या, देशी बदामाची वाळलेली पाने घालून आडोसे करावेत. सोबती आधी सोडावेत आणि फायटर सर्वांत शेवटी (तो आधीच टाकीत असेल तर तात्पुरता बाजूला काढून), म्हणजे सगळी टाकी त्याला आपली वाटत नाही. तरी एखादा फायटर कुणालाच सहन करत नाही, त्यासाठी वेगळी टाकी तयार हवी.

उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा लावला तर खानदेशच्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असलाच पाहिजे. हिवाळ्याचीही तेवढीच काळजी घ्यावी लागते. पारा १० अंशांखाली गेला की रावेर-यावलच्या केळीवाल्याला जी धास्ती वाटते, ती टाकीवाल्यालाही वाटायला हवी, कारण फायटरला २४ अंशांखालचे पाणी सोसत नाही. ५६ लिटरला ५० वॉटचा हीटर लागतो. गल्लीत डासांसाठी धूरफवारणी आली की टाकी झाकून एअर पंप थोडा वेळ बंद ठेवावा, कारण ती औषधे माशांना फार घातक असतात आणि पंप तीच हवा आत ओढतो.

नको झालेला मासा मेहरूण तलावात किंवा तापीत सोडू नये. उजनी धरणात पसरलेल्या सकर माशाने भीमेकाठच्या मच्छीमारांना किती त्रास दिला, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. तो मासा दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या शौकिनाला द्या.

फायटरला सोबतीची गरज नसते, २० लिटरच्या टाकीत तो एकटा आयुष्य सुखाने काढतो. तेव्हा पहिला उन्हाळा त्याला एकट्यालाच काढू द्या आणि भर दुपारी टाकीत थर्मामीटर बुडवून पाणी किती तापते ते लिहून ठेवा. ते ३० अंशांच्या आत राखता आले, तरच दिवाळीच्या सुमारास सोबती आणा.