कुबडी, तीनचाकी आणि गल्ला

सोलापुरात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पोलिओमुळे लहानपणापासून दोन्ही पायांना कॅलिपर. धंद्यात उतरू पाहणारी अपंग मुलं चौकशीला येतात. त्यांना सांगतो ते असं :

१. साधन निवडताना आधी हातांचा विचार करा, पायांचा नंतर. दोन कुबड्यांवर माणूस कुठेही पोचतो, पण हातात चहाचा कप घेऊन नाही. सुटे भाग आणायला मला दर वेळी कुणाला तरी सोबत न्यावं लागायचं. त्याचा दिवस बुडायचा, त्याला द्यावे लागायचे ते पैसे माझ्या नफ्यातून जायचे. तीनचाकीच्या मागे पेटी ठोकून घेतली, तेव्हापासून खरेदी माझी मी करतो.

२. कुबडी काखेत रुतवून उभं राहू नका. वरची गादी काखेपासून दोन-तीन बोटं खाली हवी आणि भार तळहातांवर. काखेत नस दबत राहिली की मनगट लुळं पडू शकतं. सुई, वस्तरा, स्क्रू ड्रायव्हर धरणाऱ्याची कमाई तिथेच थांबते. म्हणून कुबडी मापाचीच घ्या. दुसऱ्या कुणाची उरलेली नको.

३. टोकाचं रबर झिजलं की बदला. जादा जोड पिशवीत असू द्या.

४. शिबिरात मिळतं ते जरूर घ्या. अपंगांना साधनं देणारी केंद्र सरकारची एडिप योजना १९८१ पासून आहे. माझी पहिली तीनचाकी तिच्यातलीच. फक्त पाहुण्यांबरोबर फोटो व्हायच्या आत तीत बसून बघा. हात हँडलला पुरतो का? ब्रेक लागतो का? आणि घराच्या दारातून ती आत येते का? हे शेवटचं कुणी बघत नाही, मग गाडी पावसात गंजते.

५. बॅटरीवरची गाडी घेतलीत तर बॅटरीचे पैसे दुकानभाड्यासारखे रोज गल्ल्यातून बाजूला काढा. ती एक दिवस बसणारच, आणि नेमकी सणाच्या गर्दीत बसते.

६. शेतकऱ्याने माझ्याकडे बघून साधन निवडू नये. गुडघ्याखाली पाय गेला असेल तर जयपूर फूट बघावा. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठींनी तो घडवला. त्यावर अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, चिखलपाण्याचं भय नाही. भांगलण करायची किंवा धार काढायची तर हेच लागतं.

७. मणक्याच्या दुखापतीनंतर व्हीलचेअरवर बसून शिलाई करणाऱ्यांनी दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलावं. खालची कातडी दुखल्याचं कळत नाही. जखम झाली की कित्येक आठवडे पालथं पडून राहावं लागतं, तोवर गिऱ्हाईक दुसरा शिंपी गाठतं.

८. गाळा बघायला जाताना टेप न्या. एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो. स्टँडजवळचा एक गाळा मला फार आवडला होता. पण पायरी दीड फुटाची आणि पुढे लगेच रस्ता. सोडला. आत्ताचा गल्लीच्या टोकाला आहे, भाडंही कमी पडतं.