थंडी आहे, म्हणून भात टिकेल का?

प्रश्न : आम्ही तीन शेजारणी आळीपाळीने स्वयंपाक करून एकमेकींकडे डबे पोचवतो. निफाडकडची थंडी कडाक्याची. सकाळचा भात ओट्यावर ठेवून रात्री गरम करून वाटला तर चालेल ना?
– एक वाचक, सायखेडा

उत्तर : ताई, आळीपाळी छानच आहे, ती मोडू नका. पण पहाटे पारा दहाच्या खाली गेला तरी दुपारी घरात ऊब असते. भातातले काही जिवाणू त्या उबेत विष तयार करतात आणि ते पुन्हा उकळूनही जात नाही. उरलेला भात पसरट ताटात निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. सकाळीच करून ठेवायचं तर बाजरीची भाकरी, तिळाची कोरडी चटणी आणि गूळ उत्तम. रात्रीपर्यंत निर्धास्त टिकतात. हुलग्याचे शेंगोळे मात्र गरमागरमच वाटा. आणि रात्रीचा भात रात्रीच शिजवा.